बामची ऊब, तेलांचं माप

थंडीची चाहूल लागली की काष्ठौषधींच्या दुकानात पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल, भीमसेनी कापूर आणि मधमाशीचं मेण यांची विचारणा वाढते. घरीच बाम करायचा असतो. कुणाला आईच्या गुडघ्यांसाठी हवा असतो, कुणाला बचत गटाच्या प्रदर्शनात मांडायला. मोबाईलवर फिरणाऱ्या कृतींमध्ये मापं असतात ती अशी: चिमूटभर कापूर, दहा-बारा थेंब निलगिरी, वास येईल इतका गंधपुरा. घरी बाम करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. काय घातलंय हे आपल्याला ठाऊक असतं, खर्च कमी येतो आणि कृती अवघड नाही. पण या अंदाजपंचे मापांवर माझा मुळीच भरवसा नाही. ही तेलं वासावर नव्हे, ग्रॅमवर मोजायची. आणि ती कुणाच्या अंगाला लागणार आहेत हे ठरवल्यावरच गॅसवर भांडं ठेवायचं.

आधी ही ऊब येते कुठून ते पाहू, कारण पुढची सगळी पथ्यं त्यातूनच निघतात.

डोकं दुखलं की सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. लेप सुकत येतो तसं कपाळ तापल्यासारखं वाटतं. तिथे थर्मामीटर टेकवला तर मात्र फारसा फरक दिसत नाही. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे ग्राही असतात. त्यांतला एक साधारण ४३ अंश सेल्सिअसला, म्हणजे भाजायला सुरुवात होते त्या सुमारास, जागा होतो. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच डिवचतं. आल्या-सुंठीतली तिखट द्रव्यं आणि कापूर हेही तेच करतात. पुदिन्यातलं मेंथॉल मात्र थंडी ओळखणाऱ्या ग्राहीला उठवतं, म्हणून अंग गार न होताही गार वाटतं. हे ग्राही शोधण्याच्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या शोधात मिरची आणि मेंथॉल हीच त्यांची हत्यारं होती. बाम लावल्यावर गार-गरम असे संदेश मज्जातंतूंतून इतके धावू लागतात की दुखण्याचा संदेश त्या गर्दीत मागे पडतो. काही तेलांनी त्या जागेचं रक्ताभिसरणही वाढतं आणि कातडी लालसर होते.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. बाम दुखणं दाबतो, दुखण्याचं कारण काढत नाही. गुडघ्यातली झीज किंवा मानेतली दबलेली शीर बामने सुधारत नाही. दुसरी गोष्ट नाकाची. मेंथॉलने चोंदलेलं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकातून आत जाणारी हवा मोजली तर ती वाढलेली नसते. थंडीच्या ग्राहीमुळे हवा खेळल्याचा भास होतो. मोठ्या माणसाला झोप लागायला तेवढं पुरेसं आहे. पण मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, तर छातीला बाम चोळून रात्र काढणं धोक्याचं. तिथे दवाखाना गाठायचा.

आता एकेक तेल.

निलगिरीची झाडं मूळची ऑस्ट्रेलियाची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जळणासाठी ती उटीच्या परिसरात लावली आणि पुढे तिथेच पानांपासून तेल काढण्याचा उद्योग उभा राहिला. या तेलातला मुख्य घटक सिनिओल. औषधी दर्जाच्या तेलात तो साधारण सत्तर टक्के असतो. बाजारात लिंबाच्या वासाची निलगिरीही मिळते. ते वेगळ्या जातीच्या झाडाचं तेल, त्यात सिनिओल जवळपास नसतंच. डास पळवायला किंवा फरशी पुसायला ते ठीक, बामला नाही. बाटली उघडून वास घ्या: लिंबू, गवती चहा आठवला तर ती बाटली परत करा.

पुदिन्याचं फूल म्हणून जे सुईसारखे पारदर्शक खडे मिळतात ते मेंथॉल. त्यासाठी लागणारा जपानी पुदिना उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकीच्या भागात, मोठ्या प्रमाणावर पिकतो. उन्हाळ्यात पीक कापून शेताजवळच्या टाक्यांमध्ये वाफेवर तेल काढतात. शंभर किलो पाल्यातून किलोभरही तेल निघत नाही. ते तेल थंड केलं की मेंथॉलचे खडे वेगळे होतात. जगातल्या नैसर्गिक मेंथॉलचा मोठा वाटा आपल्या देशातून जातो, त्यामुळे चांगला माल मिळणं अवघड नाही. खडे कोरडे, सुटे आणि रंगहीन असावेत. पिवळट, ओलसर, गोळा झालेले घेऊ नयेत.

कापराच्या बाबतीत मात्र खरेदीतच घोटाळा होतो. पूजेच्या वड्या बामसाठी वापरू नका. त्या जाळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांत आणखी काय मिसळलंय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. आज बाजारातला बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो. तो शुद्ध असेल तर बामला चालतो, फक्त औषधी दर्जाचा मागून घ्यावा. भीमसेनी कापूर हा खरं तर वेगळ्याच झाडाचा, बोर्निओ-सुमात्राकडच्या, आणि रासायनिकदृष्ट्याही वेगळा पदार्थ. त्या नावाने मिळणारा सगळाच माल तसा नसतो. म्हणून नाव ऐकून चौपट पैसे मोजण्यापेक्षा, घटक आणि दर्जा छापलेला सीलबंद डबा घेतलेला बरा.

गंधपुऱ्यावर थोडं थांबून लिहायला हवं. 'स्प्रे' मारल्यावर खेळाडूंच्या खोलीत येतो तो वास याचाच. गॉल्थेरिया नावाच्या झुडपाच्या पानांतून हे तेल निघतं. निलगिरीच्या डोंगरात आणि ईशान्येकडच्या टेकड्यांवर ते उगवतं. तेलाचा जवळपास सगळा भाग, शेकडा अठ्ठ्याण्णवच्या आसपास, मिथाइल सॅलिसिलेट या एकाच द्रव्याचा असतो, आणि ते अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातलं आहे. शुद्ध तेलाचा एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, पोटात गेला तर तो सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतका होतो. नेहमीच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या हिशेबात वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलाच्या जिवावर बेतायला एवढं पुरतं. वास गोड, च्युइंगमसारखा. मुलाला बाटली तोंडाला लावावीशी वाटते. हे तेल कातडीतूनही शरीरात शिरतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाने रोज गुडघ्यांना गंधपुऱ्याचा बाम चोळला तर रक्त गोठण्याची क्षमता आणखी उतरते आणि रक्तस्राव होऊ शकतो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हे टाळावं.

माझं मत स्पष्ट आहे: गंधपुरा तेल सुटं विकत आणू नका आणि घरच्या बाममध्ये घालू नका. ज्याला तो वास आणि ती ऊब हवीच आहे त्याने परवानाधारक कंपनीचा, प्रमाण छापलेला बाम घ्यावा.

लवंग आणि दालचिनी ही दोन तेलं स्वयंपाकघरातल्या ओळखीमुळे निरुपद्रवी वाटतात. लवंगेतलं युजेनॉल बधिर करतं, म्हणून दाढदुखीत त्याचा उपयोग. पण अंगाला ते शेकडा अर्ध्याच्या वर गेलं की काहींच्या त्वचेला खाज-पुरळ येते. दालचिनीत सालीचं आणि पानांचं अशी दोन तेलं असतात आणि त्यांत मोठा फरक आहे. पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली 'कोकण तेज' ही दालचिनीची जात आता अनेक बागांमध्ये नारळ-सुपारीच्या सावलीत उभी आहे, त्यामुळे कोकणात दालचिनीचं तेल घरगुती पातळीवरही मिळू लागलं आहे. सालीचं तेल कातडीवर जाळ काढतं आणि एकदा का त्याची अ‍ॅलर्जी जडली की दालचिनी घातलेली टूथपेस्टही सोसत नाही. बाममध्ये ते नको. ओव्याच्या फुलाचं, म्हणजे थायमॉलचंही तसंच: जंतू मारायला जोरदार, पण कातडीला झोंबरं. टर्पेंटाइन जुन्या मालिशाच्या तेलांत असे. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन अंगाला कधीही लावू नये.

खरेदीबद्दल आणखी एक सोपी परीक्षा. वाफेवर काढलेलं शुद्ध सुगंधी तेल उडून जातं. टिपकागदावर एक थेंब टाका, पंख्याखाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. कागदावर तेलकट, पारदर्शक डाग उरला असेल तर त्यात खाद्यतेल किंवा पॅराफिनचं तेल मिसळलं आहे. निलगिरीसाठी ही परीक्षा चांगली चालते. लवंगेसारखं जड तेल सावकाश उडतं, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

कंपन्यांच्या बाटल्या वाचायची सवयही लावून घ्यावी. बामचा धंदा आपल्या अगदी जवळचा. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू यांनी अमृतांजन सुरू केलं ते १८९३ साली, मुंबईत. पुढे ते मद्रासला गेलं. सिंगापूरहून नातेवाईक आणतात तो टायगर बाम मूळचा रंगूनच्या ऑ कुटुंबाचा. बाटल्यांचे रंग वेगळे, पण आतले घटक बरेचसे तेच: मेंथॉल, कापूर, निलगिरी, गंधपुरा, कधी लवंग, कधी कॅजुपुट. आपल्याकडच्या आयुर्वेदिक बामवर 'पुदिना के फूल', 'गंधपुरा तेल', 'गॉल्थेरिया' अशी नावं बारीक अक्षरांत असतात. घरात वॉरफेरिन घेणारं कुणी असेल तर शेवटची दोन नावं शोधा. कापराचा आकडाही पाहा: अमेरिकेत औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बाममध्ये कापूर ११ टक्क्यांहून जास्त ठेवायला परवानगी नाही, आणि ही मर्यादा घरीही पाळण्यासारखी आहे.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गंमत करून पाहा, ती पुढे उपयोगीही पडते. काचेच्या छोट्या, कोरड्या बाटलीत ४ ग्रॅम मेंथॉलचे खडे घ्या. त्यावर ३ ग्रॅम कापराची पूड घाला. दोन्ही कोरडे, घट्ट पदार्थ. बूच लावून बाटली हलवा. थोड्याच वेळात खड्यांच्या कडा ओल्या दिसू लागतात, पूड काचेला चिकटते, मग तळाशी पाण्यासारखा थेंब जमतो आणि बघता बघता बाटलीत नितळ द्रव उरतो. एकटं मेंथॉल वितळायला ४२ अंश लागतात, कापराला तर १७५च्या पुढे. एकत्र आल्यावर दोघांचे कण एकमेकांची घट्ट रचना मोडतात आणि साध्या खोलीच्या तापमानाला सगळं विरघळतं. यातच ओव्याचं फूल समभाग घातलं की झाली अमृतधारा. आपल्याला बामसाठी ओवा नको, हे दोनच पुरे. फायदा असा की खडे तेलात विरघळवण्यासाठी तापवत बसावं लागत नाही आणि कापराच्या वाफा घरभर पसरत नाहीत.

शंभर ग्रॅम बामसाठी माझं प्रमाण असं: तिळाचं तेल ७० ग्रॅम, मधमाशीचं मेण १९ ग्रॅम, मेंथॉल ४ ग्रॅम, कापूर ३ ग्रॅम, निलगिरी तेल ४ ग्रॅम. हा बाम फक्त प्रौढांसाठी आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने किंवा ज्याची त्वचा नाजूक आहे त्याने मेंथॉल, कापूर आणि निलगिरी तिन्ही निम्म्यावर आणावं आणि तेवढं तिळाचं तेल वाढवावं.

हे सगळं वजनावर घ्यायचं. थेंबाचा हिशेब फसवा आहे: ड्रॉपरच्या तोंडावर आणि तेलाच्या दाटपणावर एका मिलिलिटरचे वीसही थेंब होतात, पस्तीसही. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा काही शेकड्यांत मिळतो आणि तो घेतल्याशिवाय मी कुणालाही हे काम करायला सांगणार नाही.

खोबरेल तेल आपल्या हाताशी असतं, पण ते २४ अंशांना पातळ होतं. मार्चनंतर नागपूर-परभणीकडे नुसत्या खोबरेलाचा बाम डबीत डुचमळू लागतो, आणि थंडीत तोच बाम महाबळेश्वरला दगड होतो. तिळाचं तेल बाराही महिने पातळ राहतं आणि अंगात मुरतं, म्हणून ते बरं. बाम किती घट्ट व्हायचा हे मेणाच्या हातात. उन्हाळ्यासाठी मेण २२ ग्रॅमपर्यंत न्यावं, थंडीत १७वर आणावं, आणि जी वधघट कराल ती तिळाच्या तेलातून भरून काढावी. मेण शक्यतो मधपाळाकडून घ्यावं. त्याला मधाचा मंद वास असतो आणि नखाने खरवडलं तर ते भुसभुशीत सुटतं. पांढरंशुभ्र, बुळबुळीत आणि बिनवासाचं असेल तर ते बहुधा मेणबत्तीचं पॅराफिन. त्याचा बाम होतो, पण उन्हाळ्यात त्यावर तेलाचे थेंब सुटतात.

पातेल्यात चार बोटं पाणी तापत ठेवा आणि त्यात दुसरं स्टीलचं भांडं ठेवून त्यात तीळतेल आणि किसलेलं मेण घाला. थेट आचेवर कधीच नाही. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, उकळतं पाणी त्याला भरपूर पुरतं. सगळं एकजीव झालं की गॅस बंद करा. नुसता बारीक नव्हे, बंद. निलगिरी आणि कापराच्या वाफा पेट घेतात, त्यामुळे देवघरातली निरांजन, उदबत्तीही विझलेली असावी. भांडं पाण्यातून काढून ओट्यावर ठेवा आणि वाट पाहा. कडेने मेण किंचित दुधाळ होऊ लागलं की तापमान बरंच उतरलेलं असतं. तेव्हा मेंथॉल-कापराचा द्रव आणि निलगिरी त्यात ओता, लाकडी काडीने ढवळा आणि लगेच डब्यांत भरा. फार गरम असताना घातलंत तर निम्मं तेल हवेत जातं, डोळे चुरचुरतात आणि बामचं प्रमाणही बिघडतं. खिडकी उघडी असावी. दम्याचा रुग्ण आणि लहान मुलं त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत.

डब्या रुंद तोंडाच्या, काचेच्या आणि धातूच्या झाकणाच्या घ्या. मेंथॉल आणि निलगिरी काही प्लास्टिक मऊ करतात, थर्मोकोलला तर खाऊनच टाकतात. डबी पूर्ण थंड झाल्यावरच झाकण लावा, नाहीतर आत पाण्याचे थेंब जमतात. डबीवर करण्याची तारीख, घटक आणि 'पोटात घेऊ नये, लहान मुलांना लावू नये' हे लिहा. वर्षभरात संपवा. तेलाला खवट वास आला तर टाकून द्या.

नवा बाम पहिल्यांदा सरळ दुखऱ्या जागेला लावायचा नाही. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला मटाराएवढा लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. लाल चट्टा, फोड, सतत खाज दिसली तर तो बाम आपल्यासाठी नाही. दुखऱ्या भागाला दिवसातून तीनदापेक्षा जास्त नको, आणि थर पातळ. गरम पाण्याने आंघोळ केल्या-केल्या लावू नये. घाम आणि उघडी रंध्रं यांमुळे तो जास्त शोषला जातो.

आणखी एक सवय मोडायला हवी. बाम चोळायचा, वर कापड किंवा क्रेप बँडेज घट्ट बांधायचं आणि त्यावर गरम पिशवी ठेवायची, ही आपल्याकडची रोजची पद्धत. असं केल्याने त्वचा भाजल्याची उदाहरणं आहेत. मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमांमुळे रासायनिक भाजणं होत असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली दिला होता. शेक आणि बाम यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पायांना बाम लावूच नये. जळजळ ही बामची सूचना असते, आणि ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

फाटलेल्या, खरचटलेल्या, फोड आलेल्या कातडीवर बाम नाही. डोळ्यांच्या, ओठांच्या आणि नाकपुडीच्या आत नाही. लावल्यावर हात साबणाने धुवा. वाफाऱ्याच्या पाण्यात बाम टाकण्याची गरज नाही, साधी वाफ पुरते. वाफाऱ्यात मुलांना खरा धोका असतो तो उकळतं पाणी अंगावर सांडण्याचा, त्यामुळे पातेलं मुलाच्या मांडीवर किंवा पलंगावर कधीच नको.

दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर, मेंथॉल, निलगिरी यांपैकी काहीही लावू नका: छातीला नको, पाठीला नको, पायांना नको, उशीवरही नको. नाकाजवळचं मेंथॉल तान्ह्या बाळाचा श्वास अडखळवू शकतं. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधण्याची प्रथा काही घरांत आहे, ती थांबवा. बाळ ती चोखतं. ओव्याची गरम पुरचुंडी जवळ ठेवायची असेल तर ती आपल्या मनगटावर टेकवून पाहा, आणि बाळाच्या अंगावर दाबून धरू नका. दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी घरचा बाम नकोच. लावायचाच तर मुलांसाठी म्हणून बनवलेला, वय छापलेला, आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून. स्तनपान करणाऱ्या आईने छातीला बाम लावू नये. घरात मांजर असेल तर बाम लावलेली चादर तिच्यापासून लांब ठेवा, ती अंग चाटते आणि सॅलिसिलेट तिला पचत नाही.

अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या रुग्णांबद्दल फार कमी बोललं जातं. कापूर आणि निलगिरी ही दोन्ही मेंदूला उत्तेजित करतात आणि बाम लावल्यावर, त्याचा वास घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी केल्या आहेत. घरात कुणाला फिट येत असतील तर औषधांबरोबर बामचाही उल्लेख डॉक्टरांकडे करा, त्यांनी विचारलं नाही तरी. फिट आल्यावर नाकाला कापूर हुंगवणं तर कधीच नको.

अपघात झाला तर काय करायचं तेही घरातल्या सगळ्यांना माहीत असावं. बाम डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवा, चोळू नका. कातडीवर आग होऊ लागली तर नुसतं पाणी ओतून उपयोग होत नाही, कारण ही तेलं पाण्यात विरघळत नाहीत. आधी खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. पोटात गेला तर उलटी करवू नका. दूध, तूप, तेल काहीही पाजू नका. बाटली किंवा डबी बरोबर घेऊन लगेच रुग्णालय गाठा, गरज पडली तर १०८ला फोन करा. किलोमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त कापूर पोटात गेला तर रुग्णालयात नेलंच पाहिजे. दहा किलोच्या मुलाच्या बाबतीत हा आकडा ३०० मिलिग्रॅमचा होतो, म्हणजे पाव चमचाही नाही. कापूर खाल्ल्यावर काही मिनिटांतही झटके येऊ शकतात, म्हणून मूल बरं दिसतंय म्हणून घरी थांबू नये. गंधपुऱ्याची लक्षणं उशिरा दिसू शकतात: कानात आवाज, जोरजोरात श्वास, उलट्या, गुंगी. डॉक्टरांना किती वाजता, काय आणि अंदाजे किती गेलं हे सांगता आलं तर उपचाराला मोठी मदत होते.

राहिली विक्री. दुखणं, सर्दी, सांधेदुखी यांवर उपयोगी असं म्हणून विकलेला बाम कायद्याच्या दृष्टीने औषध ठरतो, आणि औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा, १९४० प्रमाणे त्याच्या उत्पादनाला परवाना लागतो. आयुर्वेदिक बामलाही लागतो. घरी केलेला, छान लेबल लावलेला बाम प्रदर्शनात मांडण्यापूर्वी बचत गटांनी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी. परवान्यासाठी जागा, तज्ज्ञ व्यक्ती आणि तपासणी या अटी असतात, आणि एकेका गटाला ते परवडत नाही. परवाना असलेल्या उत्पादकाकडून आपल्या नावाने माल करून घेणं हा मार्ग अनेकांना सोयीचा पडतो. तोवर घरचा बाम घरात आणि ओळखीच्या प्रौढांपुरता ठेवा, आणि देताना डबीबरोबर घटकांची चिठ्ठीही द्या.